हौसेला मोल नसतं, धंद्याला असतं

दहा मिनिटांचा एक माहितीपर व्हिडिओ बनवायला किती वेळ लागतो, असं विचारलं तर बहुतेक जण 'शनिवार-रविवार' असं उत्तर देतात. जरा कागदावर मांडून बघा. विषय शोधणं आणि वाचन ५ तास, स्क्रिप्ट ४, दिवे-माइक लावून शूटिंग आणि नंतरची आवराआवर अडीच, एडिटिंग ७, थंबनेल आणि शीर्षकाची झटापट दीड, सबटायटल-वर्णन-अपलोड १, पुढच्या दोन दिवसांत कमेंटना उत्तरं २. झाले २३ तास. महिन्याला असे चार व्हिडिओ म्हणजे ९२. त्यात ईमेल, कोटेशन, हिशेब, रुसलेलं सॉफ्टवेअर असे किरकोळ १८ तास धरले की ११० होतात. हौस आहे तोवर हे तास कुणी मोजत नाही आणि मोजूही नयेत. पण याच तासांवर घर चालवायचं ठरलं, की पहिली वही तासांची उघडावी लागते. पैशांची वही त्यानंतर.

मोजायची पद्धत साधी आहे. महिनाभर प्रत्येक काम सुरू करताना मोबाइलवर टायमर लावायचा आणि काम थांबलं की वेळ लिहून ठेवायचा. अंदाजाने लिहू नका. आवडीच्या कामाचा वेळ माणूस हमखास कमी धरतो आणि कंटाळवाण्याचा जास्त. महिनाअखेर सगळ्या मार्गांनी आलेल्या रकमेतून खर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेला तासांनी भागा. येणारा आकडा सुरुवातीला लाजिरवाणा असतो. असू द्या. हेच कौशल्य दुसऱ्याकडे तासावर विकलं असतं तर काय मिळालं असतं, तो आकडा त्याच्या शेजारी लिहा. कुठला स्पॉन्सर घ्यायचा, एडिटर कधी ठेवायचा, कुठली मालिका बंद करायची, हे सगळं या दोन आकड्यांमधलं अंतर बघून ठरतं.

खर्च लिहिताना कॅमेरा, लॅपटॉप अशा वस्तू एकाच महिन्यात वजा करू नका. किंमत ३६ महिन्यांत वाटा, नाहीतर खरेदीचा महिना भयंकर दिसतो आणि बाकीचे महिने उगाच गोंडस. जाता जाता एक सांगायचं, तर पैसे मोजकेच असतील तेव्हा कॅमेऱ्याआधी माइक घ्यावा. थोडं धूसर चित्र लोक चालवून घेतात, घुमणारा आवाज मात्र दहा सेकंदांत बंद करतात.

जाहिरातीचा पैसा येतो कसा

बहुतेकांची पहिली कमाई यूट्यूबच्या जाहिरातींतून होते, म्हणून तो हिशेब आधी समजून घेऊ. जाहिरातीत वाटा मिळण्यासाठी १००० सबस्क्रायबर हवेत आणि शिवाय मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचा सार्वजनिक वॉच टाइम किंवा मागच्या ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंचे, १ कोटी व्ह्यूज हवेत. शॉर्ट्स फीडमध्ये, म्हणजे एकामागोमाग शॉर्ट्स सरकवत बघायच्या जागी, पाहिलेला वेळ त्या ४००० तासांत धरला जात नाही, हे अनेकांना वर्षभर मेहनत केल्यावर कळतं. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुमचा व्हिडिओ लोक सरासरी ४ मिनिटं पाहत असतील तर ६०,००० व्ह्यूजमध्ये हा उंबरठा ओलांडता येतो. दीडच मिनिट पाहत असतील तर १,६०,००० लागतात. व्ह्यूजपेक्षा टिकून राहणारा प्रेक्षक महत्त्वाचा असं जे सगळे सांगतात, त्याचं गणित हे असं आहे.

यानंतर दोन आद्याक्षरी शब्द भेटतात आणि त्यांची गल्लत ठरलेली. सीपीएम म्हणजे १००० जाहिराती दाखवल्याबद्दल जाहिरातदार जे मोजतो ते. आरपीएम म्हणजे १००० व्ह्यूजमागे तुमच्या हातात जे पडतं ते. समजा जाहिरातदार हजार जाहिरातींना १०० मोजतोय. प्रत्येक व्ह्यूला जाहिरात लागतेच असं नाही. समजा निम्म्या व्ह्यूजना एकेक लागली. म्हणजे हजार व्ह्यूजमागे ५० जमा झाले. त्यातला निर्मात्याचा वाटा ५५ टक्के, म्हणजे २७.५. सीपीएम १०० बघून बजेट आखणाऱ्याच्या हाती साडेसत्तावीस येतात आणि मग 'यूट्यूबने पैसे कापले' अशी ओरड सुरू होते. बजेट कायम आरपीएमवर आखावं.

शॉर्ट्सचं गणित वेगळं आहे. फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्स फीडमधल्या जाहिरातींचा पैसा आधी एकत्र होतो. तुमच्या शॉर्टमध्ये गाणं नसेल तर त्याच्या व्ह्यूजमागचा सगळा भाग निर्मात्यांच्या डब्यात जातो. एक गाणं असेल तर निम्मा आणि दोन असतील तर एक तृतीयांश, बाकीचा संगीताचे हक्क फेडायला. त्या डब्यातून तुमच्या व्ह्यूजच्या प्रमाणात तुमचा हिस्सा निघतो आणि त्याचे ४५ टक्के तुम्हाला मिळतात. शॉर्ट्सचे लाखो व्ह्यूज दाखवून कुणी 'आता नोकरी सोडतो' म्हणालं तर आधी त्याचा आरपीएम विचारावा. शॉर्ट्स ओळख करून द्यायला उत्तम. त्यावर पोट भरणं अवघड.

आठ मिनिटांच्या किंवा त्याहून लांब व्हिडिओत मध्येच जाहिरात टाकता येते. यातून एक वाईट सवय लागते: पाच मिनिटांचा मजकूर ओढूनताणून आठवर नेणं. ॲनालिटिक्समधला प्रेक्षक टिकल्याचा आलेख उघडला की ताणलेली जागा लगेच दिसते, तिथे रेषा घसरगुंडीसारखी खाली येते. एका जादा जाहिरातीसाठी पुढच्या व्हिडिओची शिफारस गमावणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

पैसे हातात कधी येतात, हेही धरून चाला. एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्यात नक्की होते आणि शिल्लक १०० डॉलरच्या वर असेल तर साधारण २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पाठवली जाते. १ तारखेला पडलेल्या व्ह्यूचे पैसे यायला जवळपास आठ आठवडे लागू शकतात. शिवाय वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत जाहिरातदार हात सैल सोडतात आणि जानेवारीत आखडतात. डिसेंबरची रक्कम बघून कर्जाचा हप्ता ठरवणाऱ्याला फेब्रुवारीत घाम फुटतो. अमेरिकेबाहेरच्या निर्मात्यांनीही अमेरिकेचा कर-फॉर्म भरणं सक्तीचं आहे. तो न भरल्यास अमेरिकेतल्या प्रेक्षकांपुरतीच नाही, तर एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. दहा मिनिटांचं काम आहे, उरकून टाका.

सरासरी फसवते

समजा सहा महिन्यांची कमाई अशी आहे: ४०, ३५, ३८, २१०, ४२, ३७. सरासरी काढली तर ६७ येते. महिन्याचा घरखर्च ६० असेल तर वाटतं, झालं की! पण चौथ्या महिन्यात एक व्हिडिओ उडाला होता, बाकी पाच महिने घर तुटीत होतं. हेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या: ३५, ३७, ३८, ४०, ४२, २१०. मधल्या दोनांचा मध्य ३९. तुमची खरी कमाई ही. व्हायरल झालेला महिना म्हणजे दिवाळखोरीची सुरुवात व्हावी इतका धोकादायक, कारण खर्च त्या महिन्याच्या मापाने वाढतो आणि नंतर कमी होत नाही.

नोकरी सोडण्याचा प्रश्न इथेच सोडवता येतो. मागच्या बारा महिन्यांतले सर्वांत वाईट तीन महिने निवडा. त्यांची सरासरी घरखर्च अधिक धंद्याचा खर्च भागवत असेल आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडलेला असेल तर सोडायला हरकत नाही. ही कसोटी कडक आहे, मान्य. पण पैशाच्या धास्तीत असलेला निर्माता जो मजकूर करतो तो लगेच ओळखू येतो: चढे मथळे, मिळेल तो स्पॉन्सर, रोज एक अपलोड. पूर्ण वेळ देण्याआधी नोकरीतले दिवस कमी करून घेता आले तर तो मधला रस्ता जास्त चांगला.

त्यासाठी बँकेत दोन खाती हवीत. सगळी कमाई धंद्याच्या खात्यात येते. तिथून कराचा अंदाजी भाग त्याच दिवशी बाजूला काढायचा आणि स्वतःला दरमहा ठरलेला पगार द्यायचा, त्या मधल्या आकड्याएवढा किंवा त्याहून कमी. चांगल्या महिन्याचं उरलेलं त्याच खात्यात मुरू द्यायचं. वाईट महिना आला तरी पगार तोच राहतो, घरातल्या कुणाला कळतही नाही.

एकखांबी तंबू

२०१७ साली अतिरेकी मजकुराच्या व्हिडिओंवर आपल्या जाहिराती दिसल्या म्हणून अनेक मोठ्या कंपन्यांनी यूट्यूबवरच्या जाहिराती थांबवल्या, आणि ज्यांचा त्या व्हिडिओंशी काडीचा संबंध नव्हता अशा निर्मात्यांची कमाई कोसळली. जानेवारी २०१८ मध्ये पात्रतेची अट एकूण १०,००० व्ह्यूजवरून १००० सबस्क्रायबर आणि ४००० तासांवर गेली. त्याखालची चॅनेल्स कमाईतून बाहेर पडली. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं व्हाइन हे अ‍ॅप जानेवारी २०१७ मध्ये बंदच झालं. ज्यांनी आपला प्रेक्षक आधीच दुसरीकडे नेऊन ठेवला होता ते तरले. यात कुणी कुणाचं वाकडं करायला बसलेलं नसतं. दुसऱ्याच्या जागेत टाकलेलं दुकान आहे, मालक नियम बदलणारच.

तपासणी अशी करा. कमाईचे सगळे मार्ग एका कागदावर लिहा आणि एकेक खोडून बघा: हा उद्या बंद झाला तर शिल्लक धरून किती महिने निघतील? एखादा मार्ग खोडल्यावर उत्तर तीनच्या खाली आलं तर पुढची तिमाही त्याच्या शेजारी दुसरा खांब उभा करण्यात घालवायची. एकदम पाच खांब रोवू नका. प्रत्येक मार्ग स्वतःचे तास खातो आणि अर्धवट चालवलेले पाच मार्ग मिळून एका नीट चालणाऱ्या मार्गाइतकंही देत नाहीत.

यातलं सगळ्यांत दुर्लक्षित पण टिकाऊ काम म्हणजे स्वतःची ईमेल यादी. कुठल्याही प्लॅटफॉर्मचे फॉलोअर तुम्हाला उचलून नेता येत नाहीत, ईमेल यादीची फाइल मात्र नेता येते. यादी स्वतःच्या डोमेनवरून, म्हणजे स्वतःच्या नावाने घेतलेल्या वेब-पत्त्यावरून, चालवा आणि सेवा देणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनला जोडा. हे पत्र खरंच तुमच्याकडूनच आलंय, हे पलीकडच्या सर्व्हरला त्यातून पटतं. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना जीमेलने या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. प्रसिद्धीची पत्रं असतील तर एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय ठेवावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राखाव्या लागतात. लहान यादीनेही हेच पाळावं. सहा महिन्यांत ज्यांनी एकही पत्र उघडलं नाही त्यांना एकदा विचारून काढून टाका. यादी लहान झाल्याचं वाईट वाटतं, पण उरलेल्यांपर्यंत पत्र इनबॉक्समध्ये पोहोचतं.

स्पॉन्सरची ईमेल वाचायची कशी

आता एक नमुन्याची ऑफर जवळून बघू. 'एका व्हिडिओत ६० सेकंदांचा उल्लेख, मजकुराचे कायमस्वरूपी वापरहक्क, १८० दिवस स्पर्धक ब्रँडची जाहिरात नको, समाधान होईपर्यंत बदल, रक्कम प्रसिद्धीनंतर ६० दिवसांनी.' नवखा माणूस यातला फक्त रकमेचा आकडा वाचतो. खरी किंमत उरलेल्या पाच अटींत दडलेली असते.

६० सेकंदांचा उल्लेख म्हणजे काम मिनिटभराचं नाही. वस्तू वापरून बघणं २ तास, मजकूर १, शूट १, मंजुरीसाठी ये-जा दीड, इनव्हॉइस आणि पाठपुरावा अर्धा: एकूण ६ तास. तुमच्या तासाच्या दराने याची रक्कम काढा. तो तळ, त्याखाली उतरायचं नाही. त्यावर प्रेक्षकांची किंमत चढते. इथे आपला सर्वांत गाजलेला व्हिडिओ दाखवायचा मोह होतो, पण शेवटच्या दहा व्हिडिओंचे पहिल्या ३० दिवसांतले व्ह्यूज घेऊन त्यातला मधला आकडा द्यावा. ब्रँडला अपेक्षेप्रमाणे निकाल मिळाला तर तो परत येतो, आणि दुसऱ्यांदा आलेल्या ब्रँडवर पहिल्यापेक्षा निम्मे तासच जातात.

कायमस्वरूपी वापरहक्क म्हणजे तुमचा चेहरा त्यांनी पाच वर्षांनंतरही स्वतःच्या जाहिरातीत वापरायचा, एकदा दिलेल्या पैशांत. हक्क घर भाड्याने देतात तसे द्यावेत: किती महिने, कुठल्या माध्यमात, कापून-जोडून वापरायची परवानगी आहे की नाही. तीन महिने, फक्त त्यांच्या सोशल मीडियावर, इतकं मूळ दरात ठेवा. पुढे प्रत्येक वाढीव महिन्याचा वेगळा आकार. तुमच्या खात्याच्या नावाने ते पैसे देऊन जाहिरात चालवणार असतील तर ती आणखी वेगळी ओळ.

स्पर्धक ब्रँड नको ही अट दिसायला निरुपद्रवी असते. पण तुम्हाला त्या प्रकारची दर दोन महिन्यांनी एक जाहिरात मिळत असेल तर १८० दिवसांत तीन जाहिराती गेल्या. म्हणजे या एका करारात त्या तिन्हींची भरपाई हवी, नाहीतर मुदत ३० दिवसांवर आणा. 'स्पर्धक' कोण तेही नावानिशी लिहून घ्या. 'सर्व सॉफ्टवेअर' असं मोघम राहिलं तर हात बांधले गेले.

'समाधान होईपर्यंत बदल' ही ओळ खोडून तिथे लिहायचं: स्क्रिप्टमध्ये एक फेरी, तयार व्हिडिओत एक फेरी, पुढच्या प्रत्येक फेरीला तासाचा दर. स्क्रिप्टला लेखी होकार आल्याशिवाय कॅमेरा लावू नका. तयार व्हिडिओत 'सुरुवातीचं वाक्यच बदला' अशी सूचना आली की पुन्हा दिवे, पुन्हा तेच कपडे, पुन्हा तोच आवाज. अर्धा दिवस गेला. आणि पैशांबाबत, निम्मे करार होताना आणि निम्मे व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर १५ दिवसांत. मोठ्या कंपन्यांचे हिशेब विभाग ६० दिवसांवरून हलत नाहीत, तिथे निदान अ‍ॅडव्हान्स तरी सोडू नये. स्क्रिप्ट मंजूर झाल्यावर त्यांनी बेत रद्द केला तर अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही, हेही लिहून टाका.

पैसे घेतलेत किंवा वस्तू फुकट मिळालीय, हे प्रेक्षकाला सरळ सांगावं लागतं. अपलोड करताना यूट्यूबवर 'सशुल्क प्रसिद्धी'ची खूण करायची असते. त्याने व्हिडिओच्या सुरुवातीला १० सेकंद सूचना दिसते. बहुतेक देशांच्या ग्राहक-नियमांना तेवढंच पुरत नाही, म्हणून तोंडीही सांगा, आणि सांगायचं ते उल्लेखाच्या आधी. वर्णनात तळाशी हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेली कबुली सापडली की प्रेक्षकांचा विश्वास जातो, आणि पुढचे सगळे मार्ग तर त्या विश्वासावरच उभे आहेत.

सभासद आणि स्वतःची वस्तू

दरमहा पैसे देणारे सभासद म्हणजे स्थिर उत्पन्न, असं वाटतं. गळती मोजली की चित्र बदलतं. १०० सभासद आहेत आणि दर महिन्याला ८ टक्के सोडून जातात. नवीन कुणीच आलं नाही तर वर्षाने ३७ उरतात. दरमहा ८ नवे येत असतील तर संख्या १०० वर अडकते, तुम्ही कितीही राबा. सूत्र एका ओळीचं आहे: दरमहा येणारे नवे सभासद भागिले गळतीचा दर, ही तुमची कमाल मर्यादा. ८ भागिले ०.०८ म्हणजे १००. गळती ४ टक्क्यांवर आणली तर त्याच ८ नव्यांवर मर्यादा २०० होते. म्हणून नव्या सभासदांसाठी आमिषं वाढवण्यापेक्षा जुने का जातात ते विचारणं जास्त फायद्याचं. जाणारे बहुधा 'इतकं सगळं बघायला वेळच होत नाही' म्हणतात, आणि निर्माता मात्र आणखी जादा व्हिडिओंचं आश्वासन देऊन स्वतःचे तास वाढवत बसतो. महिन्याला एक थेट प्रश्नोत्तरांचं सत्र आणि व्हिडिओ दोन दिवस आधी, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. चॅनेलच्या सभासदत्वातून यूट्यूब ३० टक्के ठेवतं, तेही किंमत ठरवताना धरा.

कोर्स, टेम्प्लेट, पुस्तिका अशी स्वतःची वस्तू करायची तर आधी विका, मग बनवा. ऐकायला उलटं वाटतं. पण चार महिने खपून केलेला ३० धड्यांचा कोर्स ११ जणांनी घेतला, ही या धंद्यातली नेहमीची रड आहे. त्याऐवजी एका पानावर लिहा: कोर्स कुणासाठी, शेवटी त्याला काय करता येईल, किती धडे, कधीपासून. यादीतल्या लोकांना सवलतीत आगाऊ नोंदणी द्या आणि जाहीर सांगा की अमुक तारखेपर्यंत ३० जण झाले तरच होणार, नाहीतर सगळे पैसे परत. नोंदणीचे पैसे धंद्याच्या खात्यातही वेगळे ठेवा, हात लावू नका. ३० झाले नाहीत तर नुकसान एका पानाचं आणि दोन पत्रांचं.

विषय कुठले निवडायचे, यालाही आता वेगळी मोजपट्टी लागते. थंबनेलवर क्लिक होण्याचं प्रमाण यूट्यूबवरच्या निम्म्या चॅनेल्स आणि व्हिडिओंसाठी २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं, तेव्हा ४ टक्के बघून हवालदिल होण्याचं कारण नाही. त्याहून कामाचा आकडा म्हणजे या महिन्याच्या व्ह्यूजपैकी ९० दिवसांहून जुन्या व्हिडिओंचा वाटा किती. तो निम्म्याच्या वर असेल तर जुनं काम व्याज देतंय, तुम्ही पंधरा दिवस आजारी पडलात तरी गाडा चालतो. तो १० टक्के असेल तर तुम्ही बातम्यांच्या मागे धावताय आणि थांबलात की कमाईही थांबणार. चालू घडामोडी पूर्ण सोडू नका, पण चारातले दोन-तीन व्हिडिओ असे असावेत की ज्यांचा प्रश्न माणूस दोन वर्षांनीही शोधेल.

एका क्लिकवर जाणारं

कॉपीराइटचे दोन प्रकार लोक एकच समजतात. कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं किंवा चित्रण आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, दावा आला तर बहुधा त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाते, चॅनेलला डाग लागत नाही. स्ट्राइक, म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनेलला दिलेली ताकीद, ही वेगळी गोष्ट: ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. 'श्रेय दिलंय' ही पळवाट नाही, परवानगी लागते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे ठरावीक अटींवर फुकट वापरू देणाऱ्या, परवान्यात 'एनसी' ही अक्षरं असतील तर ते व्यावसायिक वापरासाठी नाही. हौसेच्या काळात वापरलेलं असं संगीत कमाई सुरू झाल्यावर अडचणीत आणतं. वर्गणी भरून घेतलेल्या संगीताचा परवाना वर्गणी थांबवल्यावर जुन्या व्हिडिओंना लागू राहतो का, ते घेण्याआधी वाचा. आणि बाहेरच्या माणसाकडून लोगो, अ‍ॅनिमेशन करून घेतलं तर हक्क तुमच्याकडे आल्याचं लेखी घ्या, मूळ प्रोजेक्ट फाइलसकट.

मार्च २०२३ मध्ये दीड कोटींच्या घरात सबस्क्रायबर असलेलं लिनस टेक टिप्स हे तंत्रज्ञानावरचं चॅनेल चोरांच्या ताब्यात गेलं. स्पॉन्सरची ऑफर म्हणून आलेली फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली होती. पासवर्ड कुणी फोडला नाही. ब्राउझरमध्ये साठवलेली लॉग-इनची खूण उचलून नेली. लॉग-इन झाल्यानंतरचा पुरावाच चोरला जात असल्याने दुहेरी पडताळणीही इथे आडवी येत नाही. म्हणून स्पॉन्सरच्या फाइल अशा ब्राउझरमध्ये किंवा यंत्रावर उघडा, जिथे चॅनेलचं लॉग-इन नाही. पासवर्ड लावलेली झिप फाइल किंवा '.एससीआर' शेपटीची, म्हणजे खरं तर प्रोग्रॅम असलेली, 'पीडीएफ' आली तर उघडूच नका. मदतनीसाला पासवर्ड देण्याऐवजी यूट्यूब स्टुडिओच्या परवानग्यांमधून लागेल तेवढाच अधिकार द्या. मूळ फुटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक घराबाहेर.

पहिला माणूस

तासांच्या वहीत सगळ्यांत जाड ओळ एडिटिंगची असते, म्हणून पहिला माणूस बहुधा एडिटर ठेवला जातो. तुमचे ७ तास पूर्ण सुटतील असं धरू नका. सूचना लिहिणं, पहिला कट बघणं, दुरुस्त्या कळवणं यात दीड तास जातोच, सुटतात साडेपाच. या साडेपाच तासांत तुम्ही त्याच्या मोबदल्याहून जास्त कमावणार असाल, किंवा निदान झोपणार असाल, तर ठेवा. मोकळा वेळ मोबाइल चाळण्यात जाणार असेल तर तो फक्त वाढीव खर्च.

सुरुवात तीन व्हिडिओंच्या मोबदल्यासह चाचणीने करा. फुकट नमुना मागू नये. सूचनांचा एक कागद हवा: फॉन्ट, रंगांचे कोड, सुरुवातीची किती सेकंदं नेहमीची, फाइलला नाव कसं द्यायचं, आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो ते मोजायचं एकक) आसपास, कारण त्याहून मोठा आवाज यूट्यूब स्वतःच खाली आणतं. तिसऱ्या व्हिडिओलाही तुमचा तपासणीचा वेळ दीड तासावर आला नसेल तर माणूस बदलण्याआधी तो कागद पुन्हा वाचा. बहुधा त्यात कुठेतरी 'जरा चटपटीत करा' असं लिहिलेलं सापडेल. ते खोडून 'अर्ध्या सेकंदाहून लांब थांबे कापा, पण प्रश्न विचारल्यानंतरचा थांबा ठेवा' असं लिहा आणि चौथा व्हिडिओ त्यावर करून बघा.